मोटरच्या आतली वाट

आईनं हौसेनं घेतलेला जुना व्हॅक्यूम क्लीनर बंद पडला, तेव्हा दुरुस्तीवाला तो न उघडताच म्हणाला, "भंगारात द्या, काकू. याचं वायरिंग आता कुणालाच कळत नाही." त्या 'कुणालाच'चा मला राग आला. मी तो घरी आणला आणि स्क्रू काढायला बसले.

"अगं, शॉक बसेल," हे म्हणाले.

"प्लग माझ्या मांडीवर आहे. वीज येणार कुठून?"

आत धुळीनं माखलेली मोटर होती आणि वायरींचा गुंता. एकेक वायर बोटानं धरून मी कागदावर काढत गेले. वीज आधी तांब्याच्या एका गुंडाळीत शिरते, मग कार्बनच्या तुकड्यातून फिरत्या भागात जाते, पलीकडच्या कार्बनमधून दुसऱ्या गुंडाळीत आणि तिथून बाहेर. वाट एकच होती, तिला कुठं फाटासुद्धा नव्हता. मी बघतच राहिले. फ्यूज, बँकेचे अर्ज, स्कूटरचं इंजिन, 'तुला नाही कळायचं' म्हणून आयुष्यभर माझ्यापासून दूर ठेवलेलं सगळं इतकंच सरळ असेल का? अवघड नव्हतंच ते, नुसतं झाकलेलं होतं.

एक कार्बन पार झिजला होता. मिक्सरचा आणला, कानशीनं घासून बसवला. बटण दाबताच मोटर गरजली.

"नशिबानं चालू झाला बघ!" हे वर्तमानपत्रामागून म्हणाले.

मोटरच्या आवाजावर आवाज चढवून मी म्हणाले, "नशिबानं नव्हे, मी चालू केला. पाय वर घ्या."