हाळीबाबांची ओ

हाळीबाबांनी मोबाइल कधी कानाला लावल्याचं मला आठवत नाही. तो तोंडासमोर धरायचा, समोरच्या डोंगराकडे बघायचं आणि ओरडायचं. सूर्यमाळच्या एका पाड्यावर राहायचे. तरुणपणी लग्न, मयत, हरवलेली गाय, असे निरोप या टेकाडावरून त्या टेकाडाला ओरडून पोचवायचे, म्हणून हे नाव. म्हातारपणी नातवानं त्यांना पाड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं आणि बाबांनी तेच काम तिथे सुरू केलं.

रोज सकाळी त्यांचा आवाज यायचा. "झऱ्याला पानी हाय. सोमाची आय बरी हाय. ऐकलं का? ओ द्या!" दिवाळीनंतर निम्मा पाडा भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातो. तिकडून एकेकाची ओ यायची. ज्याची आली नाही त्याला बाबा नाव घेऊन हटकायचे, तरी गप्प राहिला तर शेजारच्या झोपडीतल्या माणसाला त्याच्याकडे पिटाळायचे. अंगठ्याचं चित्र त्यांना चालत नसे. "आंगठा दावला म्हंजे ऐकलं, का गप बस सांगितलं?" हा त्यांचा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

मी त्या पाड्यावर शिक्षिका होते. बदली होऊन जव्हारला आले, तरी ग्रुपवर राहिले. मी ब्लॉग लिहिते हे कळल्यावर बाबांना भलतं कुतूहल वाटलं होतं.

"कोनाला सांगतंस, बाय?"

"जो वाचेल त्याला."

"तोंड बघितलं नाय, गाव ठावं नाय, त्याला हाळी?" ते मनापासून हसले. मग हळूच म्हणाले, "तो ओ देतो का?"

तो प्रश्न डोक्यात राहिला. कारण ओ कुणीच देत नव्हतं. जव्हारच्या पहिल्या पावसाळ्यात मी वैतागून लिहिलं, 'इथे माझं कुणी नाही. कुणी वाचतही नाही. हे शेवटचं.' आणि सगळ्या ग्रुपांवर टाकून दिलं. अंगठे आले, लाल बदामही पुष्कळ आले. आपलं दुःख लोकांना इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं.

पुढच्या रविवारी दारात हाळीबाबा. जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आलेले, हातात फडक्यात बांधलेल्या नागलीच्या भाकरी. "नातसुनेनं वाचून दावलं. तू हाळी दिलीस. समद्यांनी आंगठे दावले, ओ कोनी दिली नाय. म्हून आलो."

आणि माझ्या दहा फुटांच्या खोलीत, मधे दरी असल्यासारखे ओरडले, "ओ!" शेजारीण डोकावून गेली. मी हसता हसता रडले.

जेवताना मी विचारलं, "बाबा, झऱ्याला पाणी आहे हे भट्टीवरच्यांना काय कामाचं?"

"कायपन नाय," ते म्हणाले. "मी हाय, तू हाय का? येवढंच इचारायचं असतं. पानी आपलं नावाला."

ब्लॉग मी बंद केला नाही. लोक एवढं का लिहितात यावर पुष्कळ वाचलं, पण त्या पाण्याइतकं पटलेलं उत्तर मिळालं नाही.

यंदा होळीच्या आधी बाबा गेले. ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. माझंही बोट त्या चित्रापर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. मी ग्रुपवर मागे जाऊन त्यांची शेवटची हाळी लावली. "मोहाला फुलं लागलीत. ऐकलं का? ओ द्या!"

मी आवाज पाठवायचं बटण दाबून धरलं आणि ओरडले, "ओ!"

थोड्या वेळानं भट्टीवरून सोमाची ओ आली, मागे ट्रकचा आवाज. मग त्याच्या बायकोची. मग बाबांच्या नातसुनेची, रडवेली. त्यानंतर हात जोडलेलं चित्र कुणी टाकलं नाही. संध्याकाळपर्यंत नुसत्या ओ येत होत्या.