ती ती ती

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही — आणि तिला तर मी सातवीतून शाळा सोडली हे लग्नाआधीच सांगून टाकलं होतं. मग हेच का राहिलं? आता लिहायला बसलोय तर आधी तुम्ही हसाल, याचीच धास्ती वाटतेय. कारण गोष्ट म्हटली तर कोंबड्यांची आहे.

मी लातूरकडचा. एका मांडववाल्याच्या टेम्पोतून जव्हारला आलो. टेम्पो परत गेला, मी राहिलो. शब्बीरभाईंचं कॅसेटचं दुकान होतं, त्यात त्यांनी नुकताच कॉम्प्युटर आणला होता. येतो का, असं त्यांनी विचारलं. येतो, म्हणालो. तोवर मी कॉम्प्युटर काचेतूनच पाहिला होता — पण नाही म्हणून जाणार कुठे? त्यांनी खुर्ची दिली. आणि जानकीमावशीनं राहायला घराची ओटी दिली. मजुरीवर जाणारी एकटी बाई, ना नात्याची ना गावाची. मला ताप आला की स्वतःचं काम बुडवून उशाशी बसायची. या दोघांपैकी कुणी एक दिवस ‘जा’ म्हणेल, या भीतीनं मी तेव्हा पायसुद्धा न वाजवता चालायचो.

तर — शब्बीरभाईंनी मुंबईहून गाणी बनवायचं सॉफ्टवेअर आणलं, कॉपी मारलेलं. आवाजाचा एक तुकडा त्यात टाकायचा, की पडद्यावर पेटीसारख्या पट्ट्या उमटतात. वरची दाबली की तोच तुकडा बारीक आवाजात, खालची दाबली की जाड्या आवाजात. तुकडे चौकटीत मांडत जायचं, चाल तयार. भाईंनी लगोलग गिऱ्हाइकांना सांगून टाकलं, लग्नासाठी नवं गाणं येतंय, पोरीच्या आवाजात. पोर कुठून आणायची, ते माझ्यावर सोडलं.

कुठून आणणार? जव्हारात मी जिच्याशी बोलायचो अशी बाई एकच. सकाळी मावशी कण्या टाकत अंगणात उभी होती, मी माईक तपासायच्या निमित्तानं टेप चालू ठेवला. तिला सांगितलं नाही. ती कोंबड्यांना बोलावत होती — ती ती ती. दुकानात जाऊन त्यातला एक ‘ती’ कापला. चार पट्ट्या वर चढवला तर मावशी सोळा वर्षांची झाली. खाली उतरवला तर हवालदार. मी वरची ठेवली, खाली ढोल दिला. फक्त धृपदाच्या शेवटी एक ‘ती’ मूळ आवाजातच राहू दिला. गोड लागत होता, काय करू?

गाणं असं चाललं की विचारू नका. पोरांना वाटलं, हे ‘ती’चं गाणं आहे. ज्याची त्याची ‘ती’ वेगळी, त्यामुळे सगळ्यांनाच लागू पडलं. दाभोसा ते खोडाळा, प्रत्येक जीपमध्ये तेच. गाणारी कोण, असं भाईंनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, ठाण्याची मुलगी आहे, फार लाजते. खोडाळ्याचा एक जीपवाला तर नवा शर्ट घालून तिची चौकशी करायला यायचा. खरं सांगितलं असतं तर भाई पोट धरून हसले असते, एवढंच. पण मला दिसत होती ती सुटलेली खुर्ची.

मग तक्रारी यायला लागल्या. गाणं लावलं की पाड्यावरच्या कोंबड्या मांडवात शिरतात. भाई म्हणाले, स्पीकर गरम होत असेल. मी मान हलवली.

आता तेच सांगतो, ज्यासाठी बसलोय.

मावशीच्या भाचीचं लग्न साखरशेतला होतं. नात्यातल्या हळदीत गाणं मावशीनं उचलायचं, हे ठरलेलं. तिनं तोंड उघडेपर्यंत बाकीच्या बायका थांबायच्या. आठवडाभर तिनं आंबट खाल्लं नव्हतं. मला सोबत नेलं, ‘माझा पोर’ म्हणून सगळ्यांना दाखवलं. स्पीकर माझ्याच हाताखाली होता. तिनं पहिली ओळ घेतली, आणि नवऱ्याकडची पोरं ओरडायला लागली — ‘ती’ लाव, ‘ती’ लाव.

सीडी खराब आहे, एवढं तरी मला म्हणता आलं असतं ना?

मी लावली. मावशीची ओळ अर्ध्यावर राहिली. धृपद संपलं, तशा पाड्यावरच्या कोंबड्या धावत आल्या, हळदीच्या ताटापर्यंत. त्यांना हटवायला मावशीच उठली. मागच्या अंगणात जाऊन तिनं हाक घातली, ती ती ती. कोंबड्या तिकडे वळल्या. स्पीकर म्हणाला, ती. कोंबड्या इकडे. पुन्हा मावशी, पुन्हा स्पीकर. मांडव हसून लोळत होता, नवरदेवाची पगडी सुटली. तो आवाज एकाच गळ्याचा आहे, हे तिथं कोंबड्यांना तेवढं कळलं होतं. आणि मला.

मावशी दमून माझ्याशेजारी येऊन बसली. गाणं तिनं शेवटपर्यंत नीट ऐकलं.

“कोनची रं ही पोर?”

“ठाण्याची.”

“बेस गाते.” मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, “आपला गळा आता कोंबड्यांपुरताच, नाय का?”

मी म्हणालो, “हो.”

मावशी त्यानंतर कुठल्याच हळदीत गायली नाही. बायका बोलवायला आल्या की मला पुढे करायची — याच्याकडं त्या पोरीचं गानं हाय, ते लावा. मी लावायचो. ती वारली, तोवर मी तिच्याकडेच जेवलो. रोज ती समोर बसायची, सांगायचं तर ऐकायला तिसरं कुणी नसायचं. मी आणखी भात मागायचो.