पायवाट म्हणून लिहिलेला व्हाळ

"विचारलं तेवढंच बोलायचं," गाडीतून उतरता उतरता देशपांडेसाहेब मला म्हणाले. "आणि नाही विचारलं, तर तोंडच उघडायचं नाही. कळलं?"

कळलं होतं. समोर संसदेच्या समितीच्या गाड्या लाल धुरळा उडवत थांबत होत्या.

साइट मालवणजवळच्या कट्टा गावाच्या थोडी पुढे. मी तिथे सीनियर सेक्शन इंजिनिअर, म्हणजे दिवसभर उन्हात उभा राहणारा माणूस. देशपांडेसाहेब आमचे चीफ. नव्या रेल्वे लाइनचं काम, पैसा परदेशी बँकेचा. असं कर्ज देशाच्या नावावर निघतं, त्यामुळे काम कसं चाललंय हे विचारायचा हक्क संसदेला असतो. त्यासाठी खासदारांची समिती असते. ती कागद मागवते, साइट बघते, मग अधिकाऱ्यांना दिल्लीला बोलावून प्रश्न विचारते. मला आपलं वाटायचं, येतील, नारळपाणी पितील, फोटो काढतील आणि मालवणला मासे खायला जातील.

आता माझी चूक सांगतो. सांगायला लाज वाटते, पण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

या लाइनचा सर्व्हे मीच केला होता, ऐन मे महिन्यात. आमच्याकडे व्हाळ, म्हणजे ओढे, मे महिन्यात ठणठणीत कोरडे होतात. दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे चिऱ्यांची कुंपणं, वर काजूची सावली. मग वाडीतली माणसं व्हाळातूनच ये-जा करतात. बाजाराला जाणारी बाई, शाळेतली पोरं, सगळी तिथूनच. मीही तिथूनच चालत गेलो. घामाने डोळे चुरचुरत होते आणि फॉर्म भरून घरी जायची घाई होती. लिहिलं, 'पायवाट'. झालं! पायवाट म्हटल्यावर ड्रॉइंगवाल्यांनी ती लांबच्या फाटकाकडे वळवली आणि त्या जागी सलग मातीचा भराव दाखवला. पाणी जायला मोरी नाहीच. बरं, मी कोणी परका नव्हे. वेंगुर्ल्याचा माणूस, लहानपण व्हाळात खेळण्यात गेलेलं!

भराव दोन्ही बाजूंनी जवळ यायला लागला, तेव्हा शेवंतीकाकी कोयता घेऊन साइटवर आल्या. व्हाळाच्या वरच्या अंगाला त्यांचं घर आणि भाताचे कुणगे, म्हणजे खाचरं.

"झिला, ह्यो व्हाळ आसा," त्या म्हणाल्या. "पावसात पाणी खंय जातला? माझ्या चुलीत?"

"काकी, कागदावर पायवाट आहे," मी म्हणालो.

"कोणी मेल्यान लिवल्यान?"

काय सांगणार, कपाळ? घरी जाऊन जेवलोसुद्धा नाही. काकींचं घर धरून दहाबारा घरं त्या भरावाच्या मागे होती. पहिल्याच पावसात ती पाण्यात बसणार होती, आणि ती बुडवणारा मी होतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सगळं सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हे. डोकं धरून बसले.

"ड्रॉइंग बँकेने मंजूर केलंय," ते म्हणाले. "एक मोरी वाढवायची तर कन्सल्टंटकडे, तिथून बँकेच्या हेडऑफिसला, तिथून परत. तोवर काम बंद. नोट पाठवतो. पावसाळ्यानंतर बघू."

"पावसाळ्यानंतर काय बघणार, साहेब?"

नोट गेली आणि कुठे गडप झाली देव जाणे. भराव मात्र पुढे सरकत राहिला. समिती आली त्या दिवशी मधली फट फक्त त्या वाटेएवढी उरली होती.

त्या फटीच्या तोंडाशी गावच्या राखणदाराचं ठिकाण आहे. मूर्ती नाही, झाडाखाली एक उभा पाषाण. बाहेरचं कोणी मोठं माणूस गावाच्या हद्दीत आलं, की आधी तिथे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, ही गावची रीत. साहेबांना वाटलं, स्वागताचा कार्यक्रम आहे. होऊ द्या म्हणाले.

समितीच्या अध्यक्ष एक वयस्क बाई होत्या. पूर्वेकडच्या, नद्यांच्या मुलखातल्या. साधी सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. हार त्यांनी हातात घेऊन बाजूला दिला.

गावचे मानकरी दाजी गावकर यांनी नारळ ठेवला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खी वाडी ओरडली. दोन खासदार दचकले.

"आज दिल्लीची मोठी माणसां तुझ्या पायाकडे इली हत, त्येंचा बरा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या रेल्वेवाल्यांनी आमचो व्हाळ बुजवूक घेतल्यानी. पावसात पाणी आमच्या घरात शिरतला. त्येंका बुद्धी दी आणि व्हाळाक वाट दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा शेवटचा होकार सगळ्यांत मोठा होता. काकींचा आवाज मला वेगळा ऐकू आला.

अध्यक्षबाई वळल्या. हिंदीत विचारलं, "यांनी देवाकडे काय मागितलं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मालवणी नीट समजणारा आमच्यात मी एकटाच. साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला त्यांची दया आली आणि स्वतःचीही. 'गावाचं भलं मागितलं' एवढं म्हणून सुटता आलं असतं. खोटंही नव्हतं ते. पण राखणदारासमोर उभा होतो हो! आमच्याकडे तिथे खोटं बोलायची कुणाची छाती होत नाही. आणि विचारलं तेवढंच सांगा, असं साहेबच तर म्हणाले होते. मी शब्दन् शब्द हिंदीत सांगून टाकलं.

कन्सल्टंटचा माणूस लगबगीने ड्रॉइंग घेऊन पुढे आला. "मॅडम, इथे नाला नाही. सर्व्हेप्रमाणे पायवाट आहे."

बाईंनी ड्रॉइंगकडे बघितलंच नाही. साडी सावरून फटीत उतरल्या. दहा पावलं चालल्या, वाकल्या आणि एक दगड उचलला. नारळाएवढा, गुळगुळीत, गोल. तो त्यांनी कन्सल्टंटच्या हातात ठेवला.

"माणसांच्या पायांनी दगड असे गोल होत नाहीत," त्या म्हणाल्या. "हे पाण्याचं काम आहे. सर्व्हे कोणी केला?"

"मी," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण लांबून आल्यासारखा वाटला.

"कुठल्या महिन्यात?"

"मे."

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत. दगड परत मागून घेतला आणि गाडीत ठेवायला सांगितला. मी बघतच राहिलो. तीस वर्षं नोकरी केली, डिग्री आहे, लेव्हलिंगची यंत्रं आहेत, आणि या बाईंनी एका दगडावरून सगळा सर्व्हे वाचला!

महिन्याभराने साहेबांना दिल्लीला साक्षीसाठी बोलावणं आलं, बरोबर मी. तिथलं बोलणं अहवाल सभागृहात मांडला जाईपर्यंत बाहेर सांगायचं नसतं. आता तो मांडला गेलाय, म्हणून एवढं सांगतो. लांबलचक टेबल, ओळीने माइक, फायलींचे ढीग, आणि त्या सगळ्याच्या मधोमध आमच्या व्हाळातला दगड. शेवंतीकाकींच्या दारातला दगड, आणि त्याच्यासमोर मंत्रालयाचे एवढे मोठे अधिकारी सावरून बसलेले!

"पाणी कुठून जाणार?" बाईंनी विचारलं. एवढंच. काकींचाच प्रश्न.

समिती हुकूम देत नाही, शिफारस करते. पण त्यावर काय केलं, हे मंत्रालयाला लेखी कळवावं लागतं, आणि त्या लेखीला सगळे घाबरतात. आमच्या नोटेचा महिनोन् महिने पत्ता नव्हता. साक्षीनंतर आठवड्याभरात बँकेची मंजुरी आली. मला मेमो मिळाला, तो मी मुकाट्याने घेतला. हक्काचा होता.

दिल्लीहून निघताना बाईंनी तो दगड माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "जिथून आणला, तिथेच ठेवा." वाटेत गाडी बदलून तुतारी एक्स्प्रेसने मी तो मांडीवर घेऊन आलो. शेजारच्याने विचारलं, देवस्थानचा का? मी हो म्हणालो.

मोरी मे अखेरीस झाली, तोवर दगड माझ्याकडेच होता. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पावसाने जोर धरला, तेव्हा छत्री घेऊन गेलो. बापरे! मी ज्याला पायवाट म्हटलं होतं, ती मोरीच्या अर्ध्या उंचीपर्यंत लालभडक होऊन धावत होती. ओंडके, काजूच्या फांद्या, कुणाचं तरी टोपलं. भरावाला हादरे बसत होते. हे सगळं दहाबारा घरांत शिरलं असतं.

काकी इरलं घेऊन शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मी पिशवीतून दगड काढून त्यांना दाखवला.

"खंय ठेवू, काकी?"

त्यांनी पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"थंय ठेव," त्या म्हणाल्या. "तुझ्या पायवाटेर. जा, चलत जा."

तेव्हापासून मे महिन्यातल्या सर्व्हेवर मी सही केली नाही. पावसात एकदा छत्री घेऊन जायचं, मग सही. दगड मी ऑक्टोबरमध्ये ठेवला, पाणी ओसरल्यावर.