कुटुंबप्रमुखाच्या नावावरचा कर

माझ्या पूर्वीच्या पत्नीने जपानमध्ये कायमचं राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला आहे. तो अडला तर माझ्यामुळे अडेल.

आम्ही त्सुकुबाला राहत होतो तेव्हा कंपनीने मला एकट्याला नागोयाला पाठवलं. माझी रहिवासी नोंद तिकडे गेली आणि इकडच्या घराची कुटुंबप्रमुख म्हणून तिचं नाव लागलं. परत आलो तेव्हा नगर कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, प्रमुख कोण ठेवायचं? मी हसून म्हणालो, "आहे तसंच राहू द्या. घरात तसंही हिचंच चालतं." तीही हसली.

पुढे मी नोकरी सोडून स्वतंत्र कंत्राटं घेऊ लागलो. कंपनीचा आरोग्य विमा गेला, नगरपालिकेचा लागू झाला. त्याचा कर कमाईवर ठरतो, पण सगळ्या घराचं बिल कुटुंबप्रमुखाच्या नावाने येतं. कमाई माझी, नाव तिचं. जपानी वाचता येणारा मी एकटाच होतो, त्यामुळे लिफाफे मीच उघडायचो. पुढचं कंत्राट मिळालं की भरू, असं म्हणत ते कपाटात टाकत गेलो. बिलांवर माझं नाव असतं तर भरली असती, हे मला तेव्हाही कळत होतं.

घटस्फोटाच्या वेळी तिने विचारलं होतं, "कुणाचं काही देणं राहिलंय का?" मी नाही म्हणालो. नंतर नोटिसा तिला गेल्या. बेंतोच्या दुकानात जेवणाचे डबे भरून ती हप्ते फेडत राहिली. मी कावासाकीला निघून आलो होतो. मला कळवलं नाही तिने, आणि मीही विचारलं नाही.

अर्जाची वेळ आली तेव्हा मात्र तिने मला त्सुकुबाला बोलावून घेतलं. नगर कार्यालयातल्या खिडकीवरच्या तरुणाने नम्रपणे सांगितलं, की उरलेली रक्कम कुणीही भरली तरी चालते, पण जबाबदारी प्रमुखाचीच आणि उशिराची नोंद राहणार. मी रक्कम भरली.

"मिटलं का?" तिने विचारलं.

"पैशांचं मिटलं. उशीर का झाला, ते लिहून परवान्याच्या अर्जाला जोडावं लागेल."

स्टेशनजवळच्या कॉफीच्या दुकानात बसून मी जपानीत लिहिलं. ती म्हणाली, "मराठीत वाचून दाखवा."

"कौटुंबिक अडचणी आणि दुर्लक्ष यांमुळे कर वेळेवर भरला गेला नाही."

"कुणाचं दुर्लक्ष?"

"ते समजतंच. इथे जरा आडूनच लिहायची पद्धत आहे."

"लग्नातही तुम्ही आडूनच बोलायचात. ते काय समजतील? नाव माझं, म्हणजे दुर्लक्ष माझं."

मग मला खरी भीती सांगावी लागली. माझा कायमचा परवाना लग्नात असतानाच झाला होता. तिचा नंतर करू म्हणून राहिला. आता मुद्दाम कर बुडवणाऱ्याचा असा परवाना काढून घेता येईल, असा कायदा केला आहे. तो माझ्यासारख्या जुन्या प्रकरणाला लागू होतो का, मला माहीत नाही. बिलं तिच्या नावाची होती, एवढाच काय तो आधार. माझं वय झालंय, पेन्शन इथे, हृदयाचे डॉक्टर इथे. पुण्यात आता कुणाच्या दारात जाऊ?

तिने ऐकून घेतलं. कॉफी ढवळत राहिली.

"तुमचा जाईल की नाही, ते माहीत नाही," ती म्हणाली. "माझा तर अजून मिळालाच नाही. दर वेळी व्हिसाची मुदत संपत आली की मी आधी सामानाचा विचार करते, काय न्यायचं, काय टाकायचं. तुम्ही एकदा करून बघा."

मी दुसरा कागद घेतला. बिलं मी उघडत होतो. ती कशाची आहेत ते मला समजत होतं. पत्नीला मी सांगितलं नाही. तिने विचारलं तेव्हा खोटं बोललो. एक ओळ खोडून परत लिहिली. मग मराठीत वाचून दाखवलं. 'खोटं' या शब्दाशी तिने मान हलवली. मी सही केली, माझ्या नावाचा शिक्का उमटवला, खाली माझा पत्ता आणि नंबर लिहिला.

फलाटावर ती म्हणाली, "त्यांनी फोन केला तर उचलाल ना?"

"उचलेन."

"आणि हेच सांगाल?"

"हेच."

निकाल अजून आलेला नाही. अनोळखी नंबर दिसला की लगेच उचलतो. परवा गॅस कंपनीचा होता, तरी मी उभा राहून बोललो.