वाकडं मनगट

कालपासून गुडघा धरलाय, म्हणून सुनेनं आंबेहळदीचा लेप लावला. त्या वासानं बायको डोळ्यांपुढं आली.

तरुणपणी आम्ही दिंडोरीला होतो. ऐन द्राक्षाच्या छाटणीत तिचं मनगट मोडलं. एकदा मी बागेतून आलो, तर बाई ओट्यावर प्लास्टर पाण्यानं भिजवून छाटणीच्या कात्रीनं कापत बसलेली. शेजारी वाटीत आंबेहळद उगाळून तयार.

“अगं, डॉक्टरनं अजून काढू नको सांगितलंय ना?”

“मग डॉक्टर येणार हाय का भाकरी थापायला?”

हाड वाकडंच जुळलं. जन्मभर त्याच हातानं थापत राहिली.

काल तिची राख सावडताना उकिडवा बसून मी तेच वाकडं हाड शोधत होतो. त्यातच हा गुडघा धरला. तेवढंही सापडू दिलं नाही बाईनं.