भिंतीतली तिसरी जाऊ

वाचक भेटले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: असलं तुम्हाला सुचतं कुठून? माझ्या गोष्टींत घरं माणसं गिळतात, मेलेले सासरे चहाच्या वेळेला बरोबर हजर होतात, सख्खे भाऊ एकमेकांच्या सावल्या कापून पेटीत घालून ठेवतात. असल्या सात कादंबऱ्या मी लिहिल्यात. त्यातली एक वाचून एका बाईनं सासर सोडलं, असं माझा प्रकाशक सांगतो. मी सांगताना तीन बायका सांगते. विचारणाऱ्याला मी एखादं स्मशान, एखादी अमावास्या असलं काहीतरी चिकटवून देते, कारण खरं सांगितलं तर पुस्तक खपायचं नाही. मी भीती घालायला शिकले ती कोल्हापुरात, भर दुपारी, चटणीच्या डंकावर, मिरचीनं नाक गळत असताना.

ओळीनं लावलेली लोखंडी मुसळं मोटरीवर धाडधाड वरखाली होतात आणि खालच्या उखळात मिरची-मसाल्याची वर्षाची चटणी कांडून निघते, तो डंक. आमच्या पेठेतल्या डंकाचा ठसका तर असा की मिरची इथं कुटायची आणि पन्हाळ्यावरची माकडं शिंकायची. उन्हाळ्यात तिथं बायकांची एवढी रांग लागायची की सकाळी नंबर लावलेली बाई दुपारी डोळे सुजवून घरी पोचायची आणि नवरा तिला ओळखायचा नाही.

आमच्या घरात या डंकाला भारी मान होता. वडील आणि काका वेगळे झाले तेव्हा सगळ्याची वाटणी झाली. म्हशी वाटल्या, हंडे वाटले, देव्हाऱ्यातले देवसुद्धा वाटले. दोन स्वयंपाकघरांच्या मधे एका विटेची भिंत आली. वाटायची राहिली ती फक्त चटणी. आई थोरली जाऊ, तिनं मसाला भाजायचा. काकू धाकली, तिनं कांदा-लसूण आणि मीठ बघायचं. मिरची दोघींची. डंकावर दोघींनी मिळून जायचं आणि आल्यावर बरण्या भरून घ्यायच्या. वीस वर्षं हे असंच चाललं होतं. चटणी एक आहे तोवर घर एक आहे, असं आमची गल्ली म्हणायची, आणि कुणाचं घर केव्हा मोडलं हे आमच्या गल्लीइतकं कोर्टालाही कळत नाही.

मी कॉलेजात होते त्या वर्षी ती चटणी मोडायची वेळ आली.

कारण म्हणाल तर रस्सा. घरात एक जावळ होतं. पांढरा रस्सा आईचा, तांबडा काकूचा. पेठ वडगावचं एक पावणं पंगतीला बसलं, तांबड्या रश्श्याच्या चार वाट्या प्यालं, मिशा पुसल्या आणि म्हणालं, तांबडा जरा पातळच हाय. वाढायला आई उभी होती. ती हसली. निदान काकूला ती हसलेली दिसली. आईचं म्हणणं तिला ठसका लागलेला. कोल्हापुरात माणसाच्या बापाला नाव ठेवलेलं चालतं, दोन दिवसांत मिटतं. रश्श्याला पातळ म्हटलेलं मिटत नाही. त्या दिवसापासून आठ महिने दोघी एकमेकींशी अक्षर बोलल्या नाहीत.

निरोप मी न्यायची. भिंत एका विटेची, त्यामुळं आईनं इकडं मला सांगितलेलं काकूला तिकडं स्वच्छ ऐकू यायचं. तरी मी फेरा मारून जायचे आणि निरोपात माझ्या पदरची साखर घालायचे. नळाला पाणी आलंय एवढंच सांगायचं असायचं. मी सांगायचे, आई म्हणत्यात, काकूंशिवाय पाणीबी गोड लागंना. काकू भांडी घासता घासता म्हणायची की असलं बोलायला तुझ्या आईला मरून परत यावं लागंल. त्या वाक्यावर मी पुढं एक अख्खी कादंबरी काढली, ते काकूला अजून माहीत नाही.

मग मिरच्या आल्या. पहिल्यांदाच दोन वेगळ्या घरच्या दोन वेगळ्या मिरच्या. गच्चीवर दोन वाळवणं पसरली आणि मधे हातभर जागा सोडली, मिरच्यांनीसुद्धा एकमेकींना शिवायचं नाही म्हणून. आईला डंकावर ज्या दिवशीचा नंबर मिळाला, त्याच दिवशीचा काकूनंही लावला. आईच्या आधी जाणं तिला जमलं नाही आणि नंतर जाणं कमीपणाचं वाटलं.

निघायच्या आधी मी दोन्ही घरांत डोकावले. आईच्या पाटीत मिरची, भाजलेले धणे, खोबरं, तीळ, लवंग, दालचिनी, दगडफूल, सगळं तालेवार. मीठ नाही. कांदा-लसूण नाही. तिकडं काकूच्या पाटीत मिरची, तळलेला कांदा, सोललेला लसूण, खडेमिठाची पिशवी. पण मसाल्याच्या नावानं एक लवंग नाही. वीस वर्षं हातांना जेवढं काम ठाऊक, तेवढं हातांनी केलं होतं. चटणी वेगळी करायला निघालेल्या दोघींनी आपापली अर्धीच बांधून घेतली होती, आणि दोघींच्याही ते ध्यानात नव्हतं.

मी एक शब्द बोलले असते तर आईनं मीठ आणलं असतं, काकूनं लवंगा आणल्या असत्या. दोन पुऱ्या चटण्या झाल्या असत्या आणि पुढच्या वर्षापासून तीच रीत पडली असती. मी गप्प बसले. आईची पाटी मुकाट्यानं डोक्यावर घेतली.

रांगेत आई पुढं. तिच्यामागं सात बायका, त्यांच्यामागं काकू. घर दहा मिनिटांवर. आईनं नुसतं पाटीवरचं फडकं उचलून बघितलं तर मला मिठाला पिटाळेल आणि सगळं मुसळ केरात. तिची नजर पाटीवर जाऊ द्यायची नव्हती. म्हणून मी मधेच एका डब्यावर बसले आणि मोठ्या आवाजात, सात बायकांच्या पलीकडं काकूला ऐकू जाईल असं, सुरू केलं, "एका घरात दोन जावा हुत्या. आणि तिसरी भिंतीत."

आधी कुणी लक्ष दिलं नाही. मग मी सांगितलं की ही तिसरी जाऊ न बोललेले शब्द खाऊन जगते. थोरली काही बोलायला जाते, गिळते, की ते भिंतीत जातं. धाकली गिळते, तेही भिंतीत. ती बाळसं धरायला लागली. भिंत फुगली. आधी फडताळ पुढं आलं, मग भांड्यांची मांडणी. मग चुलीपुढं बसायला जागा उरेना. गिलाव्यातून लांब केस उगवायला लागले. थोरली ते रोज विळीनं कापायची आणि कुणाला सांगायची नाही. न सांगितलेलं तेही भिंतच खायची.

डंकवाल्या मामांनी मोटर बंद केली. वीज गेली असं ते नंतर सांगत, पण पंखा चालू होता.

मग मी आवाज उतरवला. एके दिवशी भिंत बोलली. थोरलीशी धाकलीच्या आवाजात, धाकलीशी थोरलीच्या. इतकं गोड, इतकं मऊ की दोघी खुळ्या झाल्या. दोघी दिवसभर भिंतीला कान लावून बसायच्या. दोघींना वाटायचं, पलीकडची आपल्याशी बोलाय लागली. आणि भिंत दोघींना सारखं एकच विचारायची, मी येऊ का आत? रांगेतल्या एकीनं नंबर सोडला आणि जवळ सरकली. एकीचा लसूण मांजरानं खाल्ला. मांजर लसूण खात नाही हे मलाही माहीत आहे, पण ते मांजरही ऐकत होतं.

धाकलीनं दाराची कडी काढायला हात लावला, इथवर मी आले आणि आईचा नंबर लागला. मामांनी पाटीवरचं फडकं बाजूला केलं, आत हात फिरवला आणि विचारलं, "वैनी, मीठ कुठं हाय?"

आईनं पाटीत बघितलं. पिशवीत बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, तर मी छपराच्या पत्र्याकडं बघत होते. बिनमिठाची चटणी पावसाळा काढत नाही, बुरशी धरते, हे डंकावर कुणाला सांगायला लागत नाही. आई हळूच मला म्हणाली, पळ, घरनं घेऊन ये. कसबा बावड्याची एक थोराड मावशी मधे पडली. पोरीला हलवायची न्हाय, आधी त्या कडीचं काय झालं ते सांगू दे, म्हणाली. बाकीच्यांनी री ओढली. सगळ्या माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या, आणि मला पुढं काय होतं ते माहीतच नव्हतं. शपथेवर सांगते, अजूनही माहीत नाही.

मग मागून आवाज आला.

"अक्का, मीठ हाय माझ्याजवळ."

आई वळली नाही. उखळाकडंच बघत म्हणाली, "किती घालतीस?"

"तुमच्या मिरचीला किती लागतंय ते मला ठावं हाय. सरका."

काकू सात बायका ओलांडून पुढं आली आणि एकीनंही तिला नंबराची आठवण करून दिली नाही. कोल्हापुरात हे दुसऱ्यांदा झालेलं मी तरी बघितलेलं नाही. तिनं आईच्या पाटीत वाकून बघितलं आणि हळूच कबूल केलं की आपल्यात लवंगेचं बोंडूकसुद्धा न्हाय.

"मग काय घालून कांडणार हुतीस?" आई म्हणाली. "माझं नाव?"

मामांनी दोन्ही मिरच्या एकाच उखळात ओतल्या. मुसळं सुरू झाली. त्या धडधडीत, ठसक्यात, डोळ्यांतून पाणी येत असताना आई काहीतरी बोलली. मी तिच्या मागंच उभी होते म्हणून ऐकलं.

"रस्सा पातळ नव्हता गं."

"ते आत्ता सांगताय व्हय?" काकू म्हणाली आणि मिठाची मूठ उखळात सोडली.

बावड्याच्या मावशीनं मला जाताना धरलंच. भिंतीतली गेली कशी ते तिला हवं होतं. मी सांगितलं, मेली, उपाशी. तिला पटलं नाही. एवढं तापवून हे असलं थंड, म्हणाली. माझ्या सातही कादंबऱ्यांच्या शेवटांबद्दल वाचक अजून हीच तक्रार करतात.

ती भिंत आता नाही. काका गेले, काकू लेकीकडं बावड्याच्या नव्या कॉलनीत राहायला गेली, आणि वडिलांनी एका सकाळी भिंत पाडून घेतली. आत विटा निघाल्या. मी तरी नीट बघून घेतलं. पण दर उन्हाळ्यात काकू खडेमिठाची पिशवी मांडीवर घेऊन रिक्षातून येते आणि दोघी डंकावर जातात. मुसळाचा आवाज लांबून आला की आजही माझ्या नाकाला पाणी सुटतं, मिरची असो नसो.

गेल्या उन्हाळ्यात काकूच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मसाला भाजून तयार, मिरची वाळून खडखडीत, आणि काकू खाटेवर. एक आठवडा गेला, दुसरा गेला. वळीव दोनदा येऊन गेला. आईनं दोन्ही वेळा एकटीनं मिरची उचलून घरात घेतली. मी म्हणाले, मीठ दुकानात मिळतं, किती घालायचं ते काकूंना फोनवर विचारून कागदावर लिहून ठेवते, कायमचं काम होईल. तीस माणसांच्या पंगतीचं मीठ नुसत्या नजरेनं टाकणारी माझी आई, तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच भिंतीतून आलेय.

"लिहू नगंस," म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात रिक्षा दारात थांबली. काकू एका हातात वॉकर आणि दुसऱ्या हातात पिशवी घेऊन उतरली. आईनं पायरीवरूनच विचारलं, मीठ आणलंस का. आणि उत्तराची वाट न बघता मला मिरचीची पाटी उचलायला सांगितली.