अर्धवट कामाची लाज

धामणगाव बढ्याच्या धम्मशीलाला पुण्याच्या कंपनीत प्रोग्रामरची नोकरी लागली, तीही घरी बसून करायची, तेव्हा गावाला ते पटेचना. "घरी बसून कोण पगार देते बे?" म्हणणारेच पुढं आपापल्या पोरींना घेऊन तिच्या दारात सल्ला मागायला आले. आई बेबीताईंची नजर अधू होत चालली होती, वडील कधीच गेलेले. ही नोकरी होती म्हणून लेक जवळ होती. नोकरी गेली की पोरीला गाव सोडावं लागणार, हे दोघींनाही ठाऊक होतं.

कंपनीचे नियम कडक. कोड लॅपटॉपबाहेर जाता कामा नये. मेल नाही, फोटो नाही, पेनड्राइव्ह तर नाहीच नाही. काम अपुरं राहिलं तर 'अपुरं' असं लिहून संध्याकाळी कंपनीच्याच सर्व्हरवर चढवून टाकायचं. इतकं सोपं! पण इथंच घोडं पेंड खात होतं. बेबीताईंनी जन्मभर ब्लाउज शिवले आणि कच्चे टाके घातलेलं कापड कधी गिऱ्हाइकाच्या नजरेला पडू दिलं नाही. "अर्धं काम दाखवलं का लोकं त्याच्यातच खोट काढतेत," हे लेकीच्या हाडीमाशी खिळलेलं. सर्व्हरवरचं पुण्याचे सगळे पाहणार, हसणार! म्हणून ती पुरं झालेलंच चढवायची.

भीमजयंतीच्या आदल्या दिवशी वीज अशी नाचली, की जुन्या बॅटरीचा लॅपटॉप दोनदा आपोआप बंद पडला आणि एक फाइल कोरी निघाली. मग गावची डीपीच, वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मरच, जळाली. धम्मशीलानं लॅपटॉपकडं पाहिलं. बॅटरी संपत आलेली. मोबाइलला रेंज होती. सर्व्हरवर चढवायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नसता. पण काम अर्धंच होतं ना! तिनं खणातला पेनड्राइव्ह काढला. उद्यापुरताच, ती स्वतःला म्हणाली. लॅपटॉपनं तिला अडवलं नाही. तो अडवत नसेच, गुपचूप पुण्याला कळवत असे.

जयंती झाली आणि भर दुपारी सुवर्णा मॅडमचा फोन आला. त्या धम्मशीलाच्या टीमच्या प्रमुख.

"धम्मशीला, तू पेनड्राइव्ह लावला होतास?"

"मॅडम, काम अर्धंच होतं, म्हणून…"

"अर्धं तर अर्धं, चढवायचं ना! आम्ही सगळे तेच करतो. कोण बघतं गं?" आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच धम्मशीलाला जास्त भीती वाटली. "आता तो पेनड्राइव्ह कशालाही न लावता, जसाच्या तसा जमा कर. कोड दुसरीकडं गेला नाही असं दिसलं, तर मी तुझ्यासाठी भांडेन. नाही तर माझ्या हातात काही नाही."

तिनं खण उघडला. पेनड्राइव्ह नव्हता.

शेजारी राहणारा सहदेवमामा ओट्यावर बसला होता, त्याला तिनं विचारलं. "तो काळा? मीच नेला. डीजेवाल्याले भीमगीतं भरून पाहिजे होते. मले वाटलं, खणात पडूनच हाय."

"मामा, कुठी हाय तो आता?"

"त्याच्याजवळच. तो तं मोताळ्याकडं गेला. या महिन्यात रोज मिरवणूक हाय त्याले. काऊन, काय झालं?"

तिनं सांगितलं. मामाचा चेहराच पडला. त्यानं लगेच गाडीला किक मारली. इकडं धम्मशीला घरात येरझाऱ्या घालत राहिली. कोणाच्या कॉम्प्युटरला लागला असेल? कोणी काय उघडलं असेल? बेबीताई दोनदा म्हणाल्या, "जेव ना माय." तिनं ताट झाकून ठेवलं.

दिवेलागणीला मामा आला, घामानं निथळत. दमलेला होता, पण खुशीत होता. त्यानं सदऱ्याचा खिसा तिच्या टेबलावर रिकामा केला. मूठभर काळे पेनड्राइव्ह, सगळे एकसारखे.

"त्याच्याजवळचे झाडून सगळे आणले. लावून पाह्य लॅपटॉपले, यातला तुहा कोणता ते."

धम्मशीलानं एकालाही हात लावला नाही. लावल्याशिवाय ओळखू येणार नव्हता, आणि एकेक लावला की एकेक पुण्याला कळणार होता.